पहिल्या नकारानंतर : अमेरिकेतील कॉलेजबदलाचा इतिहास

अमेरिकेत पदवीचे शिक्षण साधारण चार वर्षांचे असते आणि ते एकाच कॉलेजात पुरे केले पाहिजे असे बंधन नसते. एक-दोन वर्षे एका ठिकाणी शिकून, तिथे मिळवलेली क्रेडिट्स बरोबर घेऊन, विद्यार्थी दुसऱ्या कॉलेजाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात दाखल होऊ शकतो. या पद्धतीला ट्रान्सफर म्हणतात. २००८ साली कॉलेजात पाऊल टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३७ टक्क्यांनी सहा वर्षांच्या आत एकदा तरी कॉलेज बदलले. कोणाला फी परवडली नाही, कोणाला घराजवळ यायचे होते, कोणाचा विषय बदलला. काहींचे कारण मात्र वेगळे असते. शाळा संपताना ज्या कॉलेजाने नाकारले, तेच कॉलेज मनातून जात नाही. वर्षभराने तिथे पुन्हा अर्ज करावा की आहे तिथेच जीव लावावा, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना हा निर्णय फार जड जातो, कारण नकाराचे पत्र म्हणजे आपल्या लायकीवर मारलेला शेरा असे त्यांना वाटते. इतिहास पाहिला तर या समजुतीला आधार सापडत नाही. कोणाला बाहेर ठेवायचे आणि कोणाला पुढे आत घ्यायचे, हे अमेरिकेतील कॉलेजांनी वेळोवेळी जागा, पैसा, वसतिगृहातील खाटा आणि समाजातील पूर्वग्रह यांच्या हिशोबाने ठरवले. कॉलेजबदलाची वाटही त्याच हिशोबातून निघाली आणि त्यानुसारच रुंद-अरुंद होत गेली.

वरच्या वर्गात प्रवेश

अठराव्या शतकात अमेरिकेतील कॉलेजे लहान होती. लॅटिन, ग्रीक आणि गणिताची तोंडी परीक्षा घेऊन प्रवेश दिला जाई. अभ्यासक्रम सगळीकडे जवळजवळ सारखाच होता. त्यामुळे ज्याने ठरलेले ग्रंथ आधीच वाचले असतील, त्याला परीक्षा घेऊन थेट वरच्या वर्गात बसवता येई. एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणेही याच नियमाने होत असे. हातात कागद कोणते आहेत यापेक्षा परीक्षकांपुढे काय सांगता येते, याला महत्त्व होते.

तरीही प्रत्येक कॉलेज आपल्या शिस्तीप्रमाणे चाले. अलेक्झांडर हॅमिल्टन हा पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झाला. वेस्ट इंडीजमधून आलेल्या या तरुणाला प्रिन्स्टनच्या कॉलेजात शिकायचे होते, पण वर्षांची चाकोरी सोडून, झेपेल त्या वेगाने पुढे जाण्याची मुभा त्याला हवी होती. त्याचा मित्र हर्क्युलिस मलिगन याने लिहून ठेवलेल्या आठवणीप्रमाणे कॉलेजाच्या विश्वस्तांनी ही मागणी मान्य केली नाही. हॅमिल्टन न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजात गेला. हेच कॉलेज आज कोलंबिया विद्यापीठ म्हणून ओळखले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे उदाहरण या विषयाच्या अधिक जवळचे आहे. मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन या गावी १८६८ मध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलाला लहानपणापासून हार्वर्डची ओढ होती. घरी पैसा नव्हता. गावातील हितचिंतकांनी आणि चर्चनी वर्गणी जमवली, पण त्याला पाठवले ते नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात. कृष्णवर्णीयांसाठी काढलेली ती संस्था होती. ड्यू बॉइस यांनी तिथे १८८८ मध्ये पदवी घेतली आणि मग हार्वर्ड गाठले. हार्वर्डने त्यांची फिस्कची पदवी आपल्या पदवीच्या बरोबरीची धरली नाही, तर पुन्हा पदवीच्याच तिसऱ्या वर्षात बसवले. त्यांनी ते मान्य केले. १८९० मध्ये त्यांनी दुसरी बी.ए. मिळवली आणि १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट. ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होते. दक्षिणेतील वर्णभेद त्यांनी जवळून पाहिला तो फिस्कमधील वर्षांत, आणि पुढील लेखनाची शिदोरीही त्यांना तिथेच मिळाली. मनातले कॉलेज उशिरा मिळाले म्हणून आधीची वर्षे वाया गेली नाहीत, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले.

शिक्षणाचे माप

ड्यू बॉइस यांच्यासारख्या विद्यार्थ्याला कुठे बसवायचे हे प्राध्यापकमंडळ त्या त्या वेळी ठरवत असे. हजारो विद्यार्थ्यांसाठी असे करणे शक्य नव्हते. त्यातच चार्ल्स एलियट यांनी हार्वर्डच्या अध्यक्षपदाच्या काळात (१८६९ ते १९०९) विषयनिवडीचे स्वातंत्र्य रुजवले. एकाच वर्गातील दोन विद्यार्थी आता वेगवेगळे विषय शिकू लागले. अमुक ग्रंथ वाचले म्हणजे अमुक वर्ग, हा जुना हिशोब मोडला आणि शिक्षण मोजायला नवे माप हवे झाले.

ते माप रुजले ते प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनामुळे. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये एक कोटी डॉलर देऊन एक प्रतिष्ठान उभारले. त्यातून कॉलेजांच्या प्राध्यापकांना पेन्शन मिळणार होते. त्यासाठी प्रतिष्ठानाने अट घातली की कॉलेजाने प्रवेश देताना शालेय अभ्यास ठरावीक तासांच्या एककात मोजला पाहिजे. पेन्शन कोणालाच सोडायचे नव्हते, म्हणून हे एकक देशभर पसरले. कॉलेजांच्या आतही तोच विचार पोहोचला : सत्रभर आठवड्याला एक तास वर्ग म्हणजे एक क्रेडिट, आणि साधारण १२० क्रेडिट्सची पदवी. प्रादेशिक मान्यता मंडळे याच सुमारास वाढत होती. न्यू इंग्लंडचे मंडळ १८८५ चे आणि मध्य-उत्तर राज्यांचे १८९५ चे. मान्यता असलेल्या कॉलेजाची क्रेडिट्स दुसऱ्या मान्यताप्राप्त कॉलेजाने विचारात घ्यावीत असा रिवाज पडला. क्रेडिट आणि मान्यता ही कॉलेजबदलाची दोन चाके झाली.

दोन वर्षांचे कॉलेज

याच काळात शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर वेगळ्याच दिशेने विचार करत होते. पदवीची पहिली दोन वर्षे म्हणजे शाळेचाच पुढचा टप्पा आणि खरे विद्यापीठीय शिक्षण तिसऱ्या वर्षापासून, असे त्यांचे मत होते. १८९२ मध्ये विद्यापीठ सुरू करतानाच त्यांनी अभ्यासक्रमाचे असे दोन भाग पाडले. पहिला भाग विद्यापीठाबाहेर, गावोगावी शिकवला जावा असे त्यांना वाटे. शिकागोजवळच्या जोलिएट गावातील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या सहकार्याने १९०१ मध्ये हा प्रयोग सुरू झाला. जोलिएट ज्युनिअर कॉलेजात पहिल्या वर्षी सहा विद्यार्थी होते. अमेरिकेतील अव्याहत चालू असलेले हे सर्वांत जुने सरकारी दोन वर्षांचे कॉलेज आहे.

कॅलिफोर्नियाने ही कल्पना उचलून धरली. १९०७ च्या कायद्याने तिथल्या हायस्कुलांना कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवायची परवानगी मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेस्नो येथे पहिले कॉलेज निघाले. शेतमळ्यांच्या गावातील मुलाला घरी राहून दोन वर्षे शिकता आले आणि पुढे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जाता आले. ही कॉलेजे नाकारलेल्यांची सोय म्हणून निघाली नव्हती. दूरच्या शहरात मुलाला ठेवणे ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी ती निघाली होती. नाकारलेल्यांची वाट हा त्यांचा अर्थ पुढे, प्रवेश अवघड झाल्यावर जोडला गेला.

नकाराचा जन्म

पहिल्या महायुद्धापर्यंत नामांकित कॉलेजांतही परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला सहसा प्रवेश मिळे. जागा कमी आणि पात्र उमेदवार जास्त, ही स्थिती १९२० च्या दशकात आली. त्या वेळी कॉलेजांनी निवडीची जी पद्धत बसवली तिच्यामागे उघड पूर्वग्रह होता. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले परीक्षेत वरचे गुण मिळवत होती. १९२२ च्या सुमारास हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण पाचव्या हिश्श्यावर गेले, तेव्हा अध्यक्ष ए. लॉरेन्स लोवेल यांनी त्यावर मर्यादा घालण्याची बाजू मांडली. उघड कोट्याला विरोध झाला. मग आडमार्ग शोधले गेले. अर्जात वडिलांचे जन्मस्थान, आईचे माहेरचे नाव आणि कुटुंबाने आडनाव बदलले आहे का, असे प्रश्न आले. छायाचित्र, शिफारसपत्र आणि मुलाखत आली. ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ हे निकष ठरले. १९२६ मध्ये हार्वर्डने पहिल्या वर्षाच्या जागा सुमारे हजारावर बांधून टाकल्या. आज अमेरिकन प्रवेश-अर्जात जे घटक स्वाभाविक वाटतात, त्यांपैकी अनेकांचा उगम या दशकात आहे.

कोलंबियाने याहून वेगळी व्यवस्था केली. १९२८ मध्ये ब्रुकलिनमध्ये सेथ लो ज्युनिअर कॉलेज उघडले गेले. मुख्य कॉलेजात नको असलेले, मुख्यतः ज्यू आणि इटालियन घरांतील हुशार विद्यार्थी तिकडे वळवले जात. १९३५ मध्ये पंधरा वर्षांचा आयझॅक असिमोव्ह कोलंबिया कॉलेजच्या मुलाखतीला गेला आणि त्याला सेथ लोचा रस्ता दाखवण्यात आला. वर्षभरात ते कॉलेजच बंद झाले. असिमोव्हला मॉर्निंगसाइड हाइट्सच्या मुख्य आवारात घेतले गेले, पण कोलंबिया कॉलेजचा विद्यार्थी म्हणून नाही. १९३९ मध्ये त्याला पदवी मिळाली ती बी.ए. नव्हे, बी.एस. आवार तेच होते, प्राध्यापकही तेच होते, तरी मान वेगळा होता. ही सल विज्ञानकथांचा हा थोर लेखक आत्मचरित्र लिहीपर्यंत विसरला नाही. १९३५ मध्येच कोलंबियाने रिचर्ड फाइनमन यांनाही नाकारले होते. फाइनमन एमआयटीत गेले आणि तिथेच पदवी घेतली. पुढे त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. नाकारलेल्या दोघांपैकी एक त्याच विद्यापीठात बाजूच्या दाराने शिरला, दुसऱ्याने आपली वाट वेगळी केली. दोघांच्याही बुद्धीविषयी त्या नकाराने खरे काहीच सांगितले नव्हते.

युद्धानंतरची गर्दी

२२ जून १९४४ रोजी संमत झालेल्या जीआय बिलाने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च दिला. १९४७ मध्ये कॉलेजांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते, आणि या योजनेतून एकंदर सुमारे २२ लाख सैनिक कॉलेजात गेले. त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण युद्धामुळे अर्धवट राहिले होते आणि लष्करी प्रशिक्षणाला क्रेडिट द्यायचे की नाही हेही ठरवायचे होते. कोलंबियाने १९४७ मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी स्कूल ऑफ जनरल स्टडीज ही शाखा काढली. वयाने मोठे, शिक्षणात खंड पडलेले विद्यार्थी तिथे आजही पदवी घेतात. शिक्षण सलगच व्हायला हवे, ही समजूत या पिढीने मोडून काढली.

अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ मध्ये गावोगावी स्वस्त सरकारी दोन वर्षांची कॉलेजे काढण्याची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. साठच्या दशकात देशात आठवड्याला जवळजवळ एक या वेगाने अशी कॉलेजे उघडली.

कॅलिफोर्नियाचा आराखडा

कॉलेजबदलाला राज्याच्या धोरणात हक्काचे स्थान दिले ते कॅलिफोर्नियाने. युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी कॉलेजच्या दारात येण्याआधीच १९६० मध्ये तिथे उच्च शिक्षणाचा बृहत् आराखडा मंजूर झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांचा त्यात मोठा वाटा होता आणि गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी त्यावर सही केली. शाळेतील वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांना बर्कली, लॉस एंजेलिस यांसारख्या केंद्रांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, वरच्या एकतृतीयांशांना राज्य कॉलेजांत आणि उरलेल्या कोणालाही कम्युनिटी कॉलेजात प्रवेश, अशी वाटणी झाली.

एवढ्यावर थांबले असते तर अठराव्या वर्षीच मुलांची कायमची प्रतवारी झाली असती. आराखड्यात त्यावर उपाय होता. विद्यापीठाने पहिल्या दोन वर्षांतील विद्यार्थी कमी करून ४० टक्क्यांच्या आसपास आणावेत आणि वरच्या वर्षांत ६० टक्के जागा ठेवाव्यात, असे ठरले. या फरकाच्या जागा कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांच्या. पुढे विद्यापीठाने दोन नव्या विद्यार्थ्यांमागे एक बदली विद्यार्थी हे उद्दिष्ट धरले. काही केंद्रांनी ठरावीक विषय आणि गुण पूर्ण करणाऱ्याला हमीचा प्रवेश देऊ केला, आणि २०१० च्या कायद्याने राज्य विद्यापीठात जाण्यासाठी खास दोन वर्षांची पदवी तयार झाली. म्हणूनच लॉस एंजेलिस केंद्रासारख्या (यूसीएलए) ठिकाणी शाळेतून थेट प्रवेश मिळण्यापेक्षा बदलीने प्रवेश मिळण्याची शक्यता जास्त असते. तिथे दुसऱ्या अर्जासाठी जागा मुळातच राखलेली आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही त्याच वर्षी मांडली गेली. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून १९६० मध्ये दाखवले की विद्यापीठाची आस धरून आलेल्या अनेकांना चाचण्या आणि समुपदेशनातून हळूहळू छोट्या उद्दिष्टाकडे वळवले जाते. दार उघडे असते, पण त्यातून पलीकडे जाणारे थोडे असतात. आजचे आकडे हीच काळजी पुढे नेतात : कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते, पण साधारण एकतृतीयांशच चार वर्षांच्या कॉलेजात पोहोचतात.

न्यायालयातून आणि नव्या दारातून

साठच्या दशकात कॉलेजबदलाचा एक अर्ज देशाच्या इतिहासाचा भाग झाला. जेम्स मेरेडिथ यांनी नऊ वर्षे हवाई दलात काढली होती आणि ते मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात शिकत होते. जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी फक्त गोऱ्यांना घेणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठात बदलीचा अर्ज केला. विद्यापीठाने प्रथम गर्दीचे कारण सांगितले. मग जॅक्सन स्टेट प्रादेशिक मान्यता मंडळाचे सदस्य नाही आणि अर्जासोबत मिसिसिपी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांची शिफारसपत्रे नाहीत, ही कारणे पुढे केली. ते माजी विद्यार्थी सगळे गोरे होते. मान्यता आणि क्रेडिट ही बदलीची वाट सुकर करणारी साधने इथे वाट अडवण्यासाठी वापरली गेली.

मेरेडिथ न्यायालयात गेले आणि जिंकले. ३० सप्टेंबर १९६२ च्या रात्री विद्यापीठाच्या आवारात दंगल उसळली, दोन माणसे मारली गेली आणि केंद्र सरकारला सैन्य पाठवावे लागले. दुसऱ्या दिवशी मेरेडिथ यांचे नाव पटावर चढले. पुढे केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात, सहाध्यायांच्या बहिष्कारात शिकणे इतके कठीण झाले की परिस्थिती बदलली नाही तर दुसऱ्या सत्राला नाव नोंदवणार नाही, असे त्यांनी जानेवारी १९६३ मध्ये जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी राहायचे ठरवले. जॅक्सन स्टेटची क्रेडिट्स जमेस होती, म्हणून ऑगस्ट १९६३ मध्येच ते पदवीधर झाले.

स्त्रियांसाठीही बदलीचीच वाट आधी कामाला आली. येलच्या पदवी कॉलेजात १९६९ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. त्या वर्षी येलने पहिल्या वर्षाबरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातही मुली घेतल्या. दुसऱ्या कॉलेजांत एक-दोन वर्षे काढलेल्या मुलींना, शाळा संपताना ज्या दारात उभेही राहता आले नसते, तिथे प्रवेश मिळाला. त्यांच्यातील पहिल्या विद्यार्थिनी १९७१ मध्ये पदवीधर झाल्या. केवळ पहिले वर्ष उघडले असते तर मुलींची पहिली पदवी १९७३ पर्यंत लांबली असती.

स्वप्नातले कॉलेज आणि बंद होणारे दार

१९७५ मध्ये पंधरा कॉलेजांनी मिळून एकच सामाईक अर्ज सुरू केला. अनेक ठिकाणी अर्ज करणे सोपे झाले, अर्जांची संख्या वाढली आणि तिच्याबरोबर नकारही वाढले. १९८३ पासून ‘यू.एस. न्यूज’ या साप्ताहिकाने कॉलेजांच्या क्रमवाऱ्या छापायला सुरुवात केली. गावाजवळचे किंवा घराण्याचे ठरलेले कॉलेज मागे पडून, साऱ्या देशाला ठाऊक असलेल्या मोजक्या नावांकडे डोळे लागले. ‘ड्रीम कॉलेज’ ही आजची कल्पना याच वातावरणात वाढली.

याच नामांकित कॉलेजांत बदलीच्या जागा मात्र आटत गेल्या. पहिल्या वर्षी घेतलेले विद्यार्थी तिथे क्वचितच सोडून जातात, त्यामुळे वरच्या वर्षांत जागा रिकामी होत नाही. प्रिन्स्टनने १९९० मध्ये बदलीचे प्रवेश थांबवले. हार्वर्डने २००८ मध्ये वसतिगृहात जागा नसल्याने दोन वर्षांसाठी ते बंद ठेवले. त्या वर्षी अर्जाची तयारी केलेल्या विद्यार्थ्याची गुणवत्ता कितीही असली तरी तिचा विचार होणार नव्हता. प्रिन्स्टनने २०१८ मध्ये पुन्हा सुरुवात केली तेव्हा तेरा जणांना प्रवेश देऊ केला, आणि भर दिला तो माजी सैनिक, कम्युनिटी कॉलेजचे विद्यार्थी आणि अल्प उत्पन्न गटांतील मुलांवर. म्हणजे पहिल्या वेळी थोडक्यात हुकलेल्यांसाठी ही वाट नाही, ज्यांना पहिल्या वेळी अर्ज करण्याचीही संधी नव्हती त्यांच्यासाठी आहे, अशी भूमिका तिथे घेतली गेली. कॉर्नेलचा रिवाज निराळा. तिथल्या काही शाखा नकाराऐवजी, ठरावीक विषय आणि गुण पूर्ण केल्यास वर्षभराने या, असे आश्वासन काही अर्जदारांना देतात.

निर्णय कशावर घ्यावा

या इतिहासातून आजच्या निर्णयासाठी काही ठोस कसोट्या मिळतात. पहिली कसोटी जागांची. वरच्या वर्षांत जागा राखणाऱ्या सरकारी विद्यापीठात अर्ज करणे आणि वर्षाला मूठभर विद्यार्थी घेणाऱ्या खाजगी कॉलेजात अर्ज करणे, ही दोन वेगळी धाडसे आहेत. पहिल्यासाठी अभ्यासक्रम आखून तयारी करता येते. दुसऱ्यावर वर्षाची सारी मदार ठेवणे शहाणपणाचे नाही.

दुसरी कसोटी क्रेडिट्सची. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स नव्या ठिकाणी धरली गेली नाहीत. त्याचा अर्थ जादा सत्र आणि जादा फी. ड्यू बॉइस यांनी जी किंमत समजून-उमजून दिली, ती आज अनेकांना प्रवेश घेतल्यावर कळते. म्हणून कोणते विषय धरले जातील हे लेखी विचारून घेणे, हा या निर्णयाचा कणा आहे. आर्थिक मदतीचेही तसेच. पहिल्या कॉलेजाने दिलेली शिष्यवृत्ती बरोबर येत नाही, आणि परदेशी विद्यार्थ्यांना तर बदलीनंतर मदत मिळणे बहुतेक ठिकाणी फार कठीण असते.

तिसरी कसोटी नावाच्या मोलाची. अर्थशास्त्रज्ञ स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत अर्ज केलेल्या आणि सारखेच होकार-नकार मिळालेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. अधिक नामांकित कॉलेजात गेल्याने पुढील कमाईत सरासरी फारसा फरक पडला नव्हता. गरीब घरांतून आलेल्यांना मात्र फायदा झाला होता. या विचाराचे ठळक उदाहरण म्हणून क्रूगर यांनी चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांचे नाव घेतले होते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागाने नाकारल्यावर ते लाँग बीचच्या राज्य कॉलेजात शिकले आणि तिथली अर्धवट राहिलेली पदवी त्यांनी २००२ मध्ये पूर्ण केली. राजकारण, वित्त, मोठी न्यायालये अशा शिखरांवर नामांकित कॉलेजांचे वजन आजही आहे, हे खरे. पण सामान्यतः विद्यार्थ्याची ओढ आणि मेहनत त्याच्याबरोबर जाते, कॉलेज कोणतेही असो.

चौथी कसोटी शिक्षकांची आणि सहवासाची. प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ सोडून नेब्रास्का विद्यापीठात पदवी घेतली आणि १९५० मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने त्यांना नाकारले. ज्यांचे पुस्तक वाचून ते भारावले होते ते बेंजामिन ग्रॅहम कोलंबियात शिकवतात हे कळल्यावर त्यांनी तिथे अर्ज केला. पुढील आयुष्याची दिशा त्यांना त्या वर्गात मिळाली. कोणाकडून काय शिकायचे याचे उत्तर जवळ असले की कॉलेज निवडणे सोपे जाते. उलट, आहे त्या ठिकाणी विषयात गोडी लागली असेल, प्राध्यापक ओळखू लागले असतील आणि जिवाभावाचे मित्र मिळाले असतील, तर तेही निर्णयाच्या पारड्यात पडले पाहिजे. बदलून येणाऱ्याला हे सगळे पुन्हा, आणि थोड्या अवधीत उभे करावे लागते.

भारतातील वाट

भारतात अशी वाट तयार झाली नाही, याचे कारण विद्यापीठांच्या रचनेत आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले. कॉलेजे शिकवत आणि परीक्षा विद्यापीठ घेई. एकाच विद्यापीठातील कॉलेज बदलायला ट्रान्सफर सर्टिफिकेट पुरे होई, पण विद्यापीठ बदलले की अभ्यासक्रम आणि परीक्षा दोन्ही बदलत. केलेला अभ्यास मोजून बरोबर नेण्याची सोय नव्हती. महाराष्ट्रात कम्युनिटी कॉलेजच्या जवळ जाणारी एक वाट अभियांत्रिकीत आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकची पदविका घेतलेला विद्यार्थी थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतो, आणि बारावीच्या स्पर्धेतून न मिळणाऱ्या कॉलेजात अनेक जण याच मार्गाने पोहोचतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम केले. विद्यार्थ्याची क्रेडिट्स त्याच्या खात्यावर जमा राहावीत आणि दुसऱ्या संस्थेत वापरता यावीत, हा त्यांचा हेतू आहे.

हिशोबाचे साधन आता हाती आले आहे. अमेरिकेचा अनुभव सांगतो की ते एकटे पुरत नाही. वरच्या वर्षांत जागा राखणे, कोणती क्रेडिट्स धरली जातील हे आधी जाहीर करणे आणि बदलून आलेल्याला आर्थिक मदतीत बरोबरीने वागवणे, ही तीन कामे संस्थांनी केली तिथेच नाकारलेल्या विद्यार्थ्यापुढे खरा पर्याय उभा राहिला. जिथे ती झाली नाहीत, तिथे दुसरा अर्ज करण्यापेक्षा आहे त्या कॉलेजात मनापासून शिकणे हाच अनेकांसाठी अधिक चांगला निर्णय ठरला.